बारीक धार सोडून ठेवा

मित्रांनो, मी एक जुना पितळी नळ आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणं गायला आलेलो नाही. माझ्यासारखं कुणी जुनं बोलायला लागलं की पहिल्या वाक्यापासून डोळे पुसतं, हे मला ठाऊक आहे. फाटकी छत्री रडते, अडगळीतली सायकल रडते, मोडकी खुर्ची तर हुंदके देते. मी त्यांतला नाही. मी कधी गळलो असेन, तर तो वॉशरचा दोष होता.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. कुणाच्या दाराची मोडकी कडी, कुणाची फुटकी घंटा, कुठल्या तरी जुन्या दिव्याची बैठक, असं सगळं भंगार एकत्र वितळवून वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी झालो. मग लेथवर घासून काढलं, आटे पाडले, वर चार कानांची चावी बसवली. शेवटी तपासणी करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला पाण्याच्या पिंपात बुडवलं आणि माझं तोंड बंद करून मागून जोरात हवा सोडली. बुडबुडा आला की तो नळ परत भट्टीत जायचा. माझ्यातून एकही आला नाही. "हा भलताच हट्टी दिसतोय," असं म्हणून त्यांनी मला खोक्यात टाकलं. ते कौतुक मी आजवर जपून ठेवलं आहे.

आमची गल्ली डोंगराच्या उतारावर आहे, गावातली सगळ्यात वरची. गाडीरस्ता नाही, नुसत्या दगडी पायऱ्या आहेत, आणि मोजकी घरं. मी यायच्या आधी इथली माणसं खालच्या चौकातून पाणी भरून आणत आणि अर्धं पायऱ्यांवर सांडत. मग टाकीपासून पाइप वर आणायचं ठरलं. खालच्या टप्प्यात तो नीट जमिनीत खोल पुरला, पण माझ्या जागेजवळ आल्यावर खडक लागला. पहारी वाकल्या, मजुरांनी घाम गाळला, खडक काही हलला नाही. तेव्हा शेवटचा तुकडा भिंतीच्या कडेने उघड्यावरून आणला, पाइप वळवायला एक कोपर बसवला आणि त्याच्या टोकाला मला. तो उघडा तुकडा हीच माझी दुखरी जागा आहे. हिवाळ्यात तर जास्तच, कारण ऊन समोरच्या छपरावर येऊन बसतं आणि माझ्यापर्यंत न येताच निघून जातं.

माझ्यासमोर बेकरी आहे. ती आता एक तरुण बाई चालवते. गल्लीत सगळे तिला बेकरीताई म्हणतात. भट्टी तिच्या वडिलांनी स्वतः विटेवर वीट ठेवून, मागच्या खडकाला टेकून बांधली. खडक एकदा तापला की ऊब धरून ठेवतो, म्हणून तिथला पाव असा फुलतो की वास पार चौकापर्यंत जातो. वडील आता नाहीत. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे ताईचे काका, बेकरीच्या माडीवर राहतात. ते निवृत्त बस कंडक्टर आहेत. त्यांचं टोपणनाव थेंबकाका, आणि ते माझ्यामुळे पडलं.

त्याचं असं झालं. एका उन्हाळ्यात टाकीने तळ गाठला. पाणी दिवसातून थोडाच वेळ यायचं आणि माझ्यासमोर हीऽ झुंबड उडायची. भांडणं, शिव्या, एकमेकींच्या कळश्या लाथाडणं, सगळं झालं. काका तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांना घरात करमत नव्हतं. ते एक स्टूल घेऊन आले आणि माझ्याशेजारी ठाण मांडून बसले. "धक्काबुक्की नको! लहान भांडी पुढे, मोठी मागे! मधून चढायचं नाही! एक थेंब सांडायचा नाही!" असा त्यांचा खणखणीत आवाज सुरू झाला. एकदा घाईत त्यांच्या तोंडून "तिकीट, तिकीट" निघून गेलं आणि रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खरंच खिशात हात घातला. लोक हसले आणि भांडण तिथेच विरलं. त्या उन्हाळ्यात गल्लीतलं एकही घर तहानलेलं राहिलं नाही. खरं सांगतो, मला काकांचा फार अभिमान वाटला.

तेव्हापासून आमच्या गल्लीत एक रीतच पडली. भांडं भरलं की नळ बंद करायचा आणि वर आणखी एक पीळ द्यायचा. त्याला सगळे 'काकांचा पीळ' म्हणतात. इथलं मूल चालायला लागलं की आधी माझी चावी पकडायला शिकतं. त्या पिळाने माझे वॉशर झिजतात, मान दुखते, पण मी कधी कुरकुर केली नाही. कारण तेच काका दरवर्षी पाना घेऊन येत, नवा वॉशर घालत, मला राखेने घासत आणि म्हणत, "चल रे गड्या, आता वर्षभर बघायला नको." बाकीच्यांनी माझ्यावर पिशव्या अडकवल्या, ओली फडकी वाळत घातली, चपला धुतल्या. पाणीपुरवठ्याचा एक नवा साहेब मला बघून म्हणाला, "हा अजून चालतो?" मला असा राग आला! चालतो म्हणजे काय, अहो, धावतो!

आता गेल्या हिवाळ्याचं सांगतो. कडाक्याची थंडी पडली आणि आमच्या शहाण्या गल्लीने मला घट्ट बंद केलं. वर पीळ दिला, शिवाय त्यावर आणखी एक. पाइपात पाणी कोंडून उभं राहिलं आणि गोठलं. बर्फाला पाण्याहून जास्त जागा लागते, आणि पाइप काही कुणाला जागा वाढवून देत नाही. कोपर फुटला. पाणी भिंतीवरून पायऱ्यांवर आलं आणि सगळ्या पायऱ्यांची एक लांबलचक काच झाली. पोस्टमन वरून खाली बसल्या बसल्या पोचला आणि पत्रं त्याच्या आधी पोचली. हसण्यावारी नेण्यासारखं तेवढंच होतं. पुढे कितीतरी दिवस माणसं पुन्हा चौकातून पाणी वाहत होती आणि बेकरीची भट्टी थंड पडली होती.

तोच साहेब मफलरमधून नुसते डोळे बाहेर काढून वर आला. त्याने नवा कोपर बसवून दिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ही शेवटची दुरुस्ती. पुन्हा फुटला तर ही लाइन कायमची बंद. खाली नव्या इमारती झाल्यात, तिथे जाऊन राहा."

"आणि माझी भट्टी?" ताईने विचारलं.

"दुसरी बांधा."

"साहेब, ती खडकाला टेकून बांधलीय. खडकही देता का खाली नेऊन?"

साहेबाने खांदे उडवले आणि जपून जपून पायऱ्या उतरला. त्या दिवसापासून सगळ्यांना कळून चुकलं होतं. कोपर फुटला की नळ गेला, नळ गेला की गल्ली उठली, आणि गल्ली उठली की ताईच्या वडिलांची भट्टी तिथेच मातीत जाणार.

यंदाचा हिवाळा आला. बेकरीत मैद्याच्या डब्यावर एक रेडिओ असतो, तो मला इथून स्पष्ट ऐकू येतो. एका सकाळी बातम्या देणारी बाई अगदी गोड आवाजात म्हणाली की डोंगराळ भागात थंडीची तीव्र लाट येणार आहे, पारा शून्याच्या बराच खाली उतरेल, आणि पाण्याचे पाइप गोठण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणे! आत ताईच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला. ती दाराशी आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मलाही भीती वाटली. पण भीतीपेक्षा चीड जास्त आली. आम्ही इथे इतकी वर्षं पाणी देतोय, पाव भाजतोय, आणि कुठून तरी वारा येणार आणि आम्हाला उठा म्हणणार? छट्!

दुपारी खालून व्हॉल्व्हमन धापा टाकत वर आला. टाकीचे व्हॉल्व्ह उघडायचे-बंद करायचे हे त्याचं काम. त्याने गल्ली गोळा केली. "नीट ऐका. लाट जाईपर्यंत हा नळ बंद करायचा नाही. बारीक धार सोडून ठेवायची. पेन्सिलीएवढी नको, आतल्या शिशाएवढी पुरे. उभं पाणी गोठतं, हलतं पाणी सहजासहजी गोठत नाही."

"म्हणजे दिवसरात्र पाणी सोडून द्यायचं?" थेंबकाकांनी विचारलं.

"हो, काका."

"माझ्या डोळ्यांदेखत?"

"डोळे मिटा हवं तर."

सगळे हसले. काका मात्र लालबुंद झाले. "पाणीपुरवठ्याचा माणूस येऊन सांगतोय, पाणी सोडा! उद्या अग्निशमनवाले येतील आणि म्हणतील, काडी लावा! तुम्हाला तो उन्हाळा आठवत नाही? थेंबाथेंबासाठी जीव टाकत होतात सगळे!"

"आठवतो, काका," ताई म्हणाली. "पण मला गेला हिवाळाही आठवतो. आपण बंद केला, वर पीळ दिला, आणि काय झालं?"

"म्हणून वाया घालवायचं?"

"वाया घालवा असं कोण म्हणतंय? खाली बादली लावू. भरली की उचलायची, लगेच दुसरी लावायची. सगळ्यांनी पाळ्या घ्यायच्या. जास्तीचं पाणी माझ्या भट्टीजवळच्या पिंपात ओतू, तिथे गोठायचं नाही. सांडलं नाही म्हणजे पायऱ्यांवर बर्फही होणार नाही."

काकांनी माझी चावी चाचपून पाहिली. मग म्हणाले, "एकही थेंब सांडणार नाही?"

"एकही नाही."

"मग बादल्यांचं सगळं मी बघणार."

"ते तुम्हीच बघणार हे आम्हाला ठाऊक होतं. तुम्ही हो म्हणायची वाट बघत होतो," ताई म्हणाली.

मग गल्ली कामाला लागली. ताईने मैद्याची रिकामी पोती आणून पाइपाला गुंडाळली, कोपराला दुहेरी. शेजारच्या घरात एक नवी सून आली होती, सपाट मुलखातली. बर्फ तिने फक्त चित्रात पाहिला होता. तिने नवऱ्याच्या जुन्या स्वेटरची बाही कापून माझ्या मानेत चढवली. नवरा "अगं, तो मी घालतो!" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. बाही मला थोडी घट्ट होती, पण शान काही वेगळीच होती. एवढा नटलो मी जन्मात कधी नव्हतो.

आणि लाट आली. वरच्या खिंडीतून आली, छपरांवरून घसरत खाली उतरली, खिडक्यांच्या काचांवर पांढरी बुरशी चढावी तसं दव गोठलं. कुत्री बेकरीच्या भिंतीला चिकटून बसली. माणसांची दातखिळी बसत होती, बोलताना तोंडातून वाफ आधी यायची आणि शब्द मागाहून. माझ्या तोंडातून मात्र शिशाएवढी धार टपटपत बादलीत पडत होती. थंडीने माझी मान धरली, पाठ धरली, चावीचे चारही कान गारठवून टाकले. मी तिला म्हटलं, बाई, माझ्या अंगावर बस हवी तितकी, आतलं पाणी काही थांबायचं नाही.

पहिला दिवस फार झकास गेला. काका कानटोपी, दोन स्वेटर आणि वर जुना कंडक्टरचा कोट घालून फेऱ्या मारत होते. "चला, वरचं घर! तुमची बादली! हळू, पायरीवर सांडाल!" माणसं कुडकुडत यायची, बादली उचलायची, दुसरी सरकवायची आणि पळायची. एक थेंब वाया गेला नाही. काकांनी तर बादलीच्या कडेवर उडालेला थेंबही बोटाने आत ढकलला.

चूक दुसऱ्या दिवशी झाली, संध्याकाळ व्हायच्या सुमाराला.

तेव्हा बेकरीच्या घरची पाळी होती. काकांची बादली काठोकाठ भरली. तेवढ्यात आतून ताईने हाक मारली, "काका, जरा येता का? ट्रे धरायला हात कमी पडतोय!" काका "आलो, आलो" म्हणाले. मान बेकरीच्या दाराकडे वळलेली, मन त्या ट्रेमध्ये. उजवा हात मात्र त्याच्या रोजच्या वाटेने गेला. त्याने मला बंद केलं, वर पीळ दिला, बादली उचलली आणि काका आत गेले.

अहो काका! मी किती ओरडलो असेन! पण नळाला आवाज असतो तो पाण्याचा, आणि तोच बंद झाला होता.

थोड्या वेळाने नवी सून रिकामी बादली घेऊन आली. तिने मला बंद पाहिलं आणि ती थबकली. तिचा चेहरा पाहून मला आशा वाटली, हिला कळलं असेल असं वाटलं. पण ती स्वतःशीच म्हणाली, "काकांनी बंद केलाय म्हणजे लाट संपली असणार." आणि ती घरी गेली. जाता जाता तिने आणखी दोन घरांत ही आनंदाची बातमी देऊनही टाकली. बघा, माणूस इतका विश्वासाचा असला की त्याच्या चुकीवरही लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात.

पाणी थांबलं की आधी बरंच वाटतं. सगळं शांत होतं. मग कोपरात काहीतरी कुरकुरलं. पोत्यांच्या आत, पाइपाच्या कडेकडेने, गारठा आतल्या बाजूला सरकायला लागला. माझ्या घशात पाण्याचा थर घट्ट झाला. गेल्या वर्षी हे सगळं मी भोगलं होतं, त्यामुळे पुढे काय येणार ते मला पाठ होतं. मी पितळेचा, मी सहज फुटणार नाही. पण मागचा कोपर बिचारा लोखंडाचा, नवा, पहिलाच हिवाळा त्याचा. मी त्याला म्हणत होतो, धर, धर, अजून थोडा वेळ धर.

आत ताईला पुढच्या घाण्याच्या पिठात ताजं पाणी घालायचं होतं. ती पातेलं घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली. टपटप ऐकू येत नव्हती. पातेलं तिच्या हातातून पडलं. तिने माझी चावी धरली, ती फिरेना. दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन फिरवली, तेव्हा कशीबशी फिरली. पण पाणी नाही. एक थेंब नाही.

"काका!" ती अशी ओरडली की सगळ्या गल्लीची दारं उघडली. "नळ कुणी बंद केला?"

काका धावत बाहेर आले. "बंद? कोण गाढव आहे तो? मी इथून हललोसुद्धा—" आणि ते बोलता बोलता थांबले. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मीच केला गं. माझ्याच हाताने. मला कळलंसुद्धा नाही."

नव्या सुनेने तोंडावर हात धरला, कारण तिलाही आता सगळं उमगलं होतं. एक शेजारी घाईने उकळत्या पाण्याची किटली घेऊन आला.

"नको!" ताईने त्याला अडवलं. "गार ट्रेवर उकळतं पडलं की ट्रे वाकतो, रोज बघते मी. पाइप तडकेल. पोती काढा ही, भट्टीच्या तोंडाशी गरम करून आणा. नळाच्या तोंडापासून सुरुवात करायची आणि मागे मागे जायचं. वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी."

काका तसेच उभे होते, हात काखेत दाबून. डोळ्यांतून पाणी येत होतं. "तुझ्या बापाची भट्टी, पोरी. माझ्या हाताने..."

"हाताचं नंतर बघू, काका. आधी पोतं धरा."

त्या एका वाक्यासाठी मी त्या मुलीला जन्मभर पाणी देईन. काकांनी नाक पुसलं आणि पोतं धरलं.

मग काय सांगू! आतून गरम पोती येत होती, गार झालेली परत जात होती. कुणी गरम पाण्याची रबरी पिशवी आणली, कुणी इस्त्रीने तापवलेला टॉवेल. नवी सून केस वाळवायचा ड्रायर घेऊन आली आणि तिचा नवरा मागे लांबलचक वायर सोडत धावला. "ओल्या हाताने धरू नकोस! धारेसमोर जाऊ नकोस!" सगळे तिच्यावर ओरडत होते, पण ती माझ्या एका बाजूला उभी राहून घाबरत घाबरत वारा सोडत होती. मित्रांनो, माझ्यासाठी एवढं कुणी कधी केलं नव्हतं. पितळेचा एक गुण आहे, ते पटकन तापतं. मी सगळी ऊब ओढून घेतली आणि मागे ढकलली. बर्फाला म्हटलं, तू काल आलास, मी इथला जुना माणूस आहे. चल, नीघ बाहेर!

किती वेळ गेला कोण जाणे. दिवस मावळला, माणसांच्या पापण्यांवर दव गोठलं, कुणी घरी गेलं नाही. आणि मग माझ्या घशात काहीतरी सुटलं. मी खोकलो. एक बर्फाचा तुकडा थेट किटलीवाल्या शेजाऱ्याच्या बुटावर थुंकलो. मग तांबूस पाणी, मग हवा, मग पुन्हा पाणी, आणि शेवटी धार.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे कोपराकडे बघत होते. ताईने हातमोजा काढला आणि उघडी बोटं कोपरावरून, सांध्यावरून, पाइपाच्या शेवटापर्यंत फिरवली. बोटं कोरडी होती. "नाही फुटला," ती म्हणाली, आणि मटकन पायरीवर बसली. मग मात्र टाळ्याच टाळ्या.

लोक पांगले. ताईने बादली लावली. काका माडीवर गेले, परत खाली आले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वर गेले. असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं. हात त्यांनी पाठीमागे घट्ट बांधून ठेवले होते. शेवटी ते पेचकस घेऊन आले. माझ्या डोक्यावरचा स्क्रू काढला, चावी उपसली आणि बेकरीच्या दारात जाऊन ताईच्या हातात ठेवली.

"ही तुझ्याकडे ठेव."

"काका, अहो, असं नका करू. चूक कुणाचीही होते."

"चूक झाली असती तर मी सुधारली असती. ही सवय आहे. माझ्या डोक्याचं ऐकत नाही ती. मी मागितली तरी देऊ नकोस, आधी बाहेर जाऊन हवा बघ, मग दे."

असा मी बिनचावीचा झालो. डोकं उघडं, तोंड उघडं, अंगावर अर्धी बाही. पण त्या रात्री थंडीने जंग जंग पछाडलं तरी माझी धार तुटली नाही.

तिसऱ्या सकाळी व्हॉल्व्हमन आला. पोती उचलून सगळा पाइप तपासला. खालच्या दोन गल्ल्यांत पाइप फुटले होते. "इथला शाबूत आहे," तो म्हणाला. "आजचा दिवस काढा. मी साहेबांच्या कानावर घालतो."

तेवढ्यात किटलीवाल्याची धाकटी मुलगी शाळेला निघाली. तिने मला पाहिलं. बादली नुकतीच कुणीतरी उचलली होती, दुसरी यायची होती, आणि माझी धार सरळ दगडावर पडत होती. ती दप्तर सांभाळत धावत आली, काकांनी शिकवलं होतं तसा हात वर केला, पण चावीच सापडेना.

"थेंबकाका!" ती किंचाळली. "नळ चालू आहे! पाणी वाया जातंय!"

काका शेजारीच बादली घेऊन उभे होते. सगळी गल्ली त्यांच्याकडे बघायला लागली. त्यांनी बादली माझ्याखाली सरकवली, त्या मुलीचा गारठलेला हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाले, "राहू दे, बाळ. तो काम करतोय."

लाट ओसरली. साहेब आला, कोपराकडे दोनदा बघून गेला आणि लाइन बंद करण्याचं पुन्हा बोलला नाही. ताईची भट्टी खडकाला टेकून आहे तिथेच आहे. माझी चावी ताईने हवा बघून मगच परत दिली.

मित्रांनो, नळ बंद करा असं तुम्हाला सगळे सांगतात. बरोबर सांगतात, त्यांचं ऐका. उन्हाळ्यात कुणी मला उघडा टाकून गेला तर मीच पहिला बोंब मारीन. पण ज्याची काळजी घ्यायची, त्याच्याकडे त्या दिवशी एकदा बघा तरी. माझ्यावर काकांइतका जीव कुणी लावला नाही, आणि तरी त्यांच्याच हातून मी मरता मरता वाचलो, कारण हात माझ्यावर होता आणि लक्ष दुसरीकडे. नुसता हात देऊ नका, लक्ष द्या. मला, तुमच्या सायकलीला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, सगळ्यांनाच.

आत्ता मैद्याच्या डब्यावरचा रेडिओ पुन्हा बोलतोय. तीच बाई, तोच गोड आवाज, डोंगराळ भागात थंडीची आणखी एक लाट. येऊ दे. ताईने अजून पिठातून हातही काढलेला नाही, आणि माडीच्या जिन्यावरून पेचकस घेऊन काका स्वतःच खाली उतरतायत.